खाडीत आणि किनाऱ्यालगत चालणाऱ्या छोट्या होडीसाठी आउटबोर्ड मशीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आउटबोर्ड म्हणजे होडीला बाहेरून, बहुधा मागच्या फळीवर, लटकवायचं मशीन. इथले प्रश्न १४ ते २२ फुटी होड्यांचे आहेत: खाडीतल्या फायबरच्या, किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या लाकडी, आणि धरणात चालणाऱ्या पत्र्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या. ट्रॉलर आणि मोठ्या डिझेल नौकांचं गणित वेगळं, ते इथे नाही. उत्तर दुसरीकडे आलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझी होडी १८ फुटी आहे. किती एचपीचं मशीन घेऊ?

नुसत्या लांबीवरून सांगता येत नाही. आधी होडीचा तळ पाहा. गोल किंवा निमुळत्या तळाची जड होडी पाणी कापत चालते, पाण्यावर उचलली जात नाही. अशा होडीला वेगाची एक मर्यादा असते: पाण्याला टेकलेल्या लांबीचं (फुटांत) वर्गमूळ गुणिले १.३४, म्हणजे तितके नॉट. १८ फुटी होडीची पाण्यातली लांबी साधारण १६ फूट धरली तर मर्यादा येते ५.४ नॉट, म्हणजे ताशी १० किलोमीटर. तिथे पोचल्यावर ९.९ ऐवजी २५ एचपी लावलं तरी होडी फारशी पळत नाही. मागचा भाग बसतो, नाळ वर उठते आणि पेट्रोल जळतं.

अशा होडीला शांत पाण्यात एका टनामागे ४ ते ५ एचपी पुरतं. होडी, माणसं, जाळं, बर्फ, मासळी आणि इंधन मिळून ८०० किलो धरलं तर ४ एचपी. पण समोरून वारा आणि खाडीच्या तोंडाशी उधाणाची ओहोटी आली तर हे अपुरं पडतं, म्हणून दुप्पट धरा: ८ किंवा ९.९.

सपाट तळाची हलकी होडी मात्र पाण्यावर उचलली जाते. तिथे एका एचपीमागे एकूण वजन २० ते २३ किलोच्या आत हवं. एकूण ३०० किलो वजनाच्या १४ फुटी अ‍ॅल्युमिनियम होडीला १५ एचपी याच हिशोबाने येतं. पण तेवढं लावण्याआधी पुढचा प्रश्न वाचा.

२. जास्तीत जास्त किती मोठं लावता येईल?

होडीवर बांधणाऱ्याची पाटी असेल तर पाटीवरचा आकडा अंतिम. आपल्याकडच्या गावठी होड्यांवर ती सहसा नसते. तेव्हा अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा नियम अंदाजाला वापरता येतो. होडीची लांबी आणि मागच्या फळीची रुंदी, दोन्ही फुटांत, यांचा गुणाकार करा. ३५ पर्यंत आला तर ३ एचपी, ३६ ते ३९ ला ५, ४० ते ४२ ला ७.५, ४३ ते ४५ ला १०, ४६ ते ५२ ला १५. तळ सपाट आणि कडा काटकोनी असतील तर एक पायरी खाली उतरायचं. १४ फूट लांब आणि मागे साडेतीन फूट रुंद होडीचा गुणाकार ४९ येतो, म्हणजे १५ एचपी. तिचाच तळ सपाट असेल तर १०.

हा आकडा कमाल मर्यादेचा आहे, शिफारशीचा नाही. मागे निमुळत्या होत गेलेल्या होड्यांना तो लागूच होत नाही (प्रश्न १० पाहा).

३. ९.९ आणि १५ आतून एकच असतात, खरं का?

काही मॉडेलमध्ये खरं. इंजिन तेच असतं, फरक कार्ब्युरेटरचा किंवा हवेच्या वाटेचा. पण सरसकट नाही. पत्रकात सीसी आणि वजन ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील तर इंजिन एकच. काही फोर-स्ट्रोकमध्ये ९.९ सुमारे २१२ सीसीचं आणि १५ सुमारे ३६२ सीसीचं असतं, म्हणजे दोन वेगळी मशीन.

जड होडीवाल्यांनी एचपीपेक्षा गिअरचं प्रमाण (इंजिनाच्या किती फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा) विचारावं, आणि ते कुणी विचारत नाही. साध्या ९.९ मध्ये ते २.०८ च्या आसपास असतं. 'हाय थ्रस्ट' प्रकारात २.९२ पर्यंत जातं. तिथे पंखा हळू फिरतो, पण मोठा बसतो आणि जास्त पाणी ढकलतो. भरलेली होडी ओहोटीविरुद्ध न्यायची असेल तर हाय थ्रस्ट ९.९ साध्या १५ पेक्षा कामाचं ठरतं.

४. शॉर्ट शाफ्ट की लाँग शाफ्ट?

मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंत सरळ खाली टेप धरा. फळी कलती असली तरी टेप कलता धरायचा नाही, आणि पठाणाचं (तळाच्या मधोमध जाणाऱ्या कण्याचं) लाकूड मोजायचं नाही. माप १५ ते १६ इंच आलं तर शॉर्ट (१५ इंची पायाचं, पाय म्हणजे मशीनचा खाली पाण्यात जाणारा भाग), १९ ते २१ आलं तर लाँग (२० इंची). २५ इंची या होड्यांना लागत नाही.

मशीन बसवल्यावर पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा फार तर एक इंच खाली हवी. वर राहिली तर लाटेत पंखा हवा खातो: आवाज एकदम चढतो आणि होडी जागच्या जागी. फार खाली गेली तर पायाचा अडथळा वाढतो आणि उथळ पाण्यात तो आधी आपटतो.

माप १७-१८ येणं ही नेहमीची अडचण. अशा वेळी शॉर्ट घेऊन फळी कापू नका, फळी कमी उंच झाली की मागून लाट आत येते. लाँग घ्या आणि फळीवर सागाची पट्टी घालून उंची वाढवा.

माप बरोबर असूनही पंखा हवा खात असेल तर पठाणाचं लाकूड पाहा. ते थेट फळीपर्यंत जाड असेल तर त्याच्यामागचं फेसाळ पाणी पंख्यात जातं. शेवटच्या फूट-दीड फुटात ते उतरतं तासून घ्यावं लागतं. हे काम होडी बांधणाऱ्या सुताराकडूनच करून घ्या.

५. टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

रोज मशीन उचलून घरी न्यायचं असेल तर वजन आधी बघा. १५ एचपीचं टू-स्ट्रोक ३६ ते ३८ किलोचं, फोर-स्ट्रोक ५० च्या घरात. वाळूतून दोघांनी शंभर पावलं चालल्यावर हा फरक कळतो. टू-स्ट्रोकची दुरुस्ती गावात होते आणि ते कुठल्याही कुशीवर आडवं ठेवलं तरी चालतं.

फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी खातं (प्रश्न ८), तेल मिसळावं लागत नाही, आणि गळ टाकून तासभर संथ चालवलं तरी प्लग काळे होत नाहीत. टू-स्ट्रोक असं संथ चालवलं की प्लगवर तेल साचून ते बंद पडतं. पण फोर-स्ट्रोक आडवं ठेवायचं तर पुस्तिकेत दाखवलेल्या बाजूवरच. चुकीच्या बाजूवर ठेवलं तर तळातलं तेल सिलिंडरमध्ये उतरतं.

महिन्यात वीस-बावीस दिवस चालणार असेल तर फोर-स्ट्रोकची जास्तीची किंमत पेट्रोलमधून निघते. आठवड्यातून एकदा चालणार असेल तर ती निघायला बरीच वर्षं जातील.

६. केरोसिनवर चालणारं घेऊ का? आणि पेट्रोलचं मशीन केरोसिनवर चालवता येतं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. केरोसिनच्या मशीनचं कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं असतं. पेट्रोलच्या मशीनमध्ये केरोसिन घातलं तर ठोके पडतात आणि पिस्टन जातो.

केरोसिनचं मशीन पेट्रोलवर सुरू करायचं, पाच-एक मिनिटं गरम होऊ द्यायचं, मग कॉक फिरवून केरोसिनवर घ्यायचं. खरी चूक बंद करताना होते. किनारा जवळ आला की परत पेट्रोलवर घेऊन कार्ब्युरेटरमधलं केरोसिन जाळून टाकावं लागतं. ते राहिलं तर सकाळी थंड मशीन दोरी तुटेपर्यंत ओढलं तरी सुरू होत नाही. केरोसिन हक्काने आणि परवडणाऱ्या दरात मिळत असेल तरच हे मशीन घ्या.

७. तेल किती मिसळायचं? आणि पंपावरच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलचं काय?

मशीनवर ५०:१ लिहिलं असेल तर लिटरमागे २० मिली, म्हणजे २० लिटरच्या कॅनला ४०० मिली. १००:१ ला निम्मं. नवं ५०:१ मशीन पहिले १० तास बहुधा २५:१ वर चालवायचं असतं, म्हणजे लिटरमागे ४० मिली. पुस्तिकेत वेगळं असेल तर पुस्तिका खरी. तेल 'टीसी-डब्ल्यू३' दर्जाचं घ्या. स्कूटरचं २टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, त्याची राख पाण्याने थंड होणाऱ्या मशीनच्या प्लगवर आणि रिंगांवर बसते. फोर-स्ट्रोकच्या तळातलं तेल 'एफसी-डब्ल्यू' दर्जाचं, बहुधा १०डब्ल्यू-३०.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत मर्यादा १० टक्क्यांची असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर तळाला बसतो, आणि टाकीची नळी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त घातक, कारण त्या थरात तेल नसतं: मशीन कोरडं फिरतं आणि पिस्टन धरतो.

म्हणून दोन आठवडे पुरेल इतकंच पेट्रोल भरा. होडी उभी असताना टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू बंद ठेवा. टाकी आणि मशीन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा. रबरी नळी आणि हाताने दाबायचा फुगा मऊ किंवा चिकट लागला की बदला. शंका आली तर टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा, दोन थर दिसले तर ते मशीनमध्ये घालू नका.

८. एका फेरीला किती पेट्रोल न्यावं?

९.९ एचपीचं टू-स्ट्रोक पूर्ण मुठीवर (वेगाची मूठ पूर्ण फिरवून) तासाला साडेचार ते पाच लिटर खातं, फोर-स्ट्रोक साडेतीनच्या आसपास. मूठ पाऊण ठेवली तर टू-स्ट्रोक तीन लिटरवर येतं.

समजा सहा सागरी मैल जायचं, तितकंच परत यायचं, वेग ५ नॉट. झाले २.४ तास, म्हणजे सव्वासात लिटर. जाळ्याजवळ संथ चालवायला पाऊण लिटर धरा, एकूण ८. हे टाकीच्या दोन तृतीयांशपेक्षा जास्त नको, म्हणून १२ लिटर न्या. उरलेला तिसरा हिस्सा वारा फिरला तर लागतो. वल्ही तरीही होडीतच असू द्या.

९. नवं मशीन घेतलं तरी होडी जोर धरत नाही. मशीन खराब आहे का?

बहुधा पंखा चुकीचा आहे. पंख्यावर '९¼ × ९' असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकेल ते. मशीनसोबत येणारा पंखा हलक्या होडीच्या हिशोबाचा असतो.

नेहमीचा भार भरा, पूर्ण मूठ द्या आणि फेरे मोजा. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा स्वस्त मीटर पुरतो. पुस्तिकेत पूर्ण मुठीच्या फेऱ्यांची मर्यादा असते, उदाहरणार्थ ५,००० ते ६,०००. ४,६०० च भरले तर मशीन गुदमरतंय. पिच एक इंच कमी केला की साधारण २०० फेरे वाढतात, म्हणजे २ ते ३ इंच कमी पिचचा पंखा लावा. फेरे मर्यादेच्या वर जात असतील तर उलट करा. गुदमरत चाललेलं मशीन आवाजाला शांत वाटतं, म्हणून कुणी लक्ष देत नाही, आणि दोन हंगामांत ते बसतं.

फेरे एकदम वाढून होडी थांबली तर कारण वेगळं. लहान मशीनमध्ये पंख्याची पिन तुटलेली असते, मोठ्यात आतला रबरी गाभा घसरलेला असतो. पिन खडकावर आपटल्यावर तुटावी म्हणूनच मऊ असते, तिच्या जागी खिळा ठोकला तर पुढच्या वेळी गिअर तुटतो. दोन पिना, एक कॉटर पिन आणि पक्कड होडीतच ठेवा. कालवांच्या खडकांतून जाणाऱ्यांनी पंखा अ‍ॅल्युमिनियमचाच ठेवावा. स्टीलचा पंखा टिकतो, पण धक्का शाफ्टला देतो.

१०. होडी दोन्ही टोकांना निमुळती आहे, मागे फळीच नाही. मशीन कुठे बसवू?

कडेला, मागच्या टोकापासून थोडं पुढे, आडव्या लाकडाच्या कंसावर. लाकूड दोन्ही बाजूंच्या काठांना बोल्टने बांधलेलं हवं. एकाच काठाला शिकंज्याने अडकवलेलं मशीन काठ फाडून पाण्यात जातं. वजन आणि जोर एका बाजूला असल्याने होडी सतत दुसरीकडे वळू पाहते, म्हणून ५ एचपीच्या वर जाऊ नका आणि इंधनाची टाकी विरुद्ध बाजूला ठेवा. मशीनला सुरक्षेची दोरी वेगळी बांधा, ती कंसाला नको, होडीच्या आडव्या फळीला हवी.

११. पत्र्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या होडीला वेगळी काळजी लागते का?

हो, गंजाची. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यातला कमकुवत झिजतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फळीत स्टीलचे बोल्ट घालताना नायलॉनचं वॉशर आणि मधे सीलंट हवं. शिकंज्याखाली लाकडाचा किंवा प्लास्टिकचा तुकडा द्या. तांबं असलेला तळाचा रंग अ‍ॅल्युमिनियमला कधीच लावू नका, तो पत्र्याला भोकं पाडतो.

मशीनच्या पायावरचा झिजण्यासाठीच बसवलेला धातूचा तुकडा, म्हणजे अ‍ॅनोड, खाऱ्या पाण्यात जस्ताचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा हवा, धरणाच्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा. मॅग्नेशियमचा खाऱ्या पाण्यात फार लवकर संपतो. अर्धा झिजला की बदला. त्याला रंग लावू नका. रंगवलेला अ‍ॅनोड काहीच काम करत नाही.

१२. सेल्फ-स्टार्ट घ्यावा का?

१५ एचपीपर्यंत नको. बॅटरीचं वजन वाढतं, आणि खाऱ्या हवेत आधी वायरिंगच जातं.

१३. मागून येणारी पाण्याची धार बारीक झाली तर काय करू?

ताबडतोब बंद करा. ती धार म्हणजे मशीन थंड होत असल्याची डोळ्यांना दिसणारी खूण. आधी मशीन उचलून पायाच्या जाळीत प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ अडकलंय का ते पाहा. मग धारेच्या भोकात तंगुसाचा (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा) जाड तुकडा घालून चिखल मोकळा करा. तरीही धार येत नसेल तर पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर झिजला आहे. गाळाच्या आणि रेतीच्या खाडीत तो दर वर्षी बदलावा. रेतीच्या दांड्यावरून जाताना मशीन उथळ पाण्याच्या खाचेत उचला आणि मूठ कमी करा, पण जाळी पाण्याखालीच राहायला हवी.

१४. जुनं मशीन घेताना काय बघायचं?

विकणाऱ्याला आधीच सांगा की मशीन थंड हवं. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर थंड असताना ते सुरू व्हायला त्रास देतं का, हे कळत नाही.

दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. दोघांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सोडा. पायाचा खालचा स्क्रू थोडा सैल करून गिअर तेल बोटावर घ्या: दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. बहुतेकदा कारण पंख्यामागे गुंडाळलेला तंगूस असतो, तो सील कापतो. सील स्वस्त आहे, पण पाण्यात चाललेला गिअर नाही. पंखा धरून वर-खाली हलवा, खुळखुळ नको. धार बघा (प्रश्न १३). झाकण काढून बोल्टच्या डोक्यांवर पांढरी भुकटी किती आहे ते पाहा. ताजा रंग दिसला तर तो कशावर मारलाय ते विचारा.

नंबरची पाटी खरवडलेली असेल तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

१५. धरणात बॅटरीवरचं मशीन चालेल का?

छोट्या होडीला, थोड्या अंतराला चालेल. ५५ पौंड जोराचं १२ व्होल्टचं मशीन पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर ओढतं. १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी त्यावर दोन तासांच्या आत संपते. तेवढ्याच आकड्याची लेड-अ‍ॅसिड निम्मीच वापरायची असते, म्हणजे तासभर. निम्म्या वेगात हीच वेळ बरीच वाढते. समुद्रात किंवा जोराच्या ओहोटीत हे नेऊ नका.

१६. कोणत्या कंपनीचं घ्यावं?

यामाहा, सुझुकी, मर्क्युरी, टोहात्सु या सगळ्यांची मशीन चालतात. प्रश्न सुट्या भागांचा आहे. इम्पेलर, पंख्याची पिन, प्लग आणि पायाचं सील तुमच्या बंदरापासून अर्ध्या दिवसात हातात पडतं का, आणि ते बसवणारा मिस्त्री आहे का, हे विचारून या. शेजारच्या चार होड्यांवर असलेलं मशीनच घेणं सहसा शहाणपणाचं, कारण अडल्यावर भाग उसना मिळतो.

१७. मशीन लावलं तर कागदपत्रं बदलतात का? पावसाळी बंदी लागू होते का?

बदलतात. समुद्रातल्या मासेमारी होडीची नोंदणी 'रीअलक्राफ्ट' या ऑनलाइन प्रणालीवर होते, आणि परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ (सुधारणा २०२१) खाली मिळतो. मशीनचा नंबर आणि एचपी नोंदवून घ्या, चोरी झाली तरी तोच कामाला येतो.

पश्चिम किनाऱ्यावरची केंद्राची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते, आणि तीतली सूट मशीन नसलेल्या पारंपरिक होड्यांना आहे. ५ एचपी लावलं तरी ती सूट गृहीत धरू नका. राज्याचा त्या वर्षीचा आदेश सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्त कार्यालयात पाहा. अनुदानाचं तिथेच विचारा, आणि बिल करण्याआधी विचारा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत लाभार्थीनिहाय घटकांना सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदतीची तरतूद आहे, पण तुमचं मशीन त्यात बसतं का हे कार्यालयच सांगेल.

१८. बंदीच्या दोन महिन्यांत मशीन कसं ठेवायचं?

गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये १० ते १५ मिनिटं चालवा, मग पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद होऊ द्या. कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू उघडून उरलेलं काढा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा आणि दोरी हळू चार-पाच वेळा ओढा. गिअर तेल ठेवण्याआधी बदला, ऑगस्टमध्ये नको: त्यात पाणी असेल तर दोन महिने बेअरिंग त्यातच बसतं. भरताना तेल खालच्या भोकातून, वरच्यातून बाहेर येईपर्यंत भरायचं. वरून भरलं तर हवा अडकते. मशीन उभं ठेवा, म्हणजे पायातलं पाणी निथळतं. प्लास्टिकने घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो.

१९. मशीन समुद्रात पडलं. बाहेर काढलंय, आता?

चालू असताना पडलं असेल तर दोरी ओढूच नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. रेती गेली असेल तरीही ओढू नका. दोन्ही बाबतींत मिस्त्री येईपर्यंत मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवा. ऐकायला उलटं वाटतं, पण गंज हवा लागल्यावर चढतो, पाण्याखाली नाही.

बंद असताना पडलं आणि रेती नसेल तर लगेच कामाला लागा. गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढा, मशीन असं कलतं करा की प्लगची भोकं खाली येतील, आणि पाणी संपेपर्यंत दोरी हळू ओढा. कार्ब्युरेटर आणि नळी रिकामी करा, टाकीतलं पेट्रोल टाकून द्या, फोर-स्ट्रोक असेल तर तळातलं तेलही बदला. सिलिंडरमध्ये तेल सोडा, कोरडे प्लग लावा आणि ड्रममध्ये अर्धा तास चालवा. हे सगळं त्याच दिवशी, बाहेर काढल्यापासून दोन-तीन तासांत व्हायला हवं.